गाय थांबली पाहिजे

मी पोचले तेव्हा गोठ्यात एक गाय होती, घडीची एक लोखंडी खुर्ची होती, खुर्चीवर माझे मामा होते, मामांच्या हातात फुलस्केपचे सात कागद होते आणि जमिनीवर चुरगाळलेल्या कागदांचे अठरा बोळे होते. त्यातले दोन बोळे गायीनं अर्धवट चघळले होते, पण ते ओळखू येत होते, म्हणून मी ते पूर्ण धरले.

"पाह्यलं?" मामा म्हणाले. "खाऊन राह्यली. ऐकून नाई राह्यली."

मामांचं नाव डोमाजी येळणे. हिंगणीत राहतात. त्यांची एकशे सात पुस्तकं छापून आली आहेत. त्यातली अठ्ठ्याऐंशी मुलांसाठी आहेत, प्राण्यांच्या गोष्टींची. उरलेल्या एकोणीस ग्रामीण कादंबऱ्या. त्यांच्या गोष्टींत अस्वल पोळ्याचं तोरण बांधतं, नीलगाय सेलूच्या बसचा पास काढते आणि मुंगूस ग्रामसभेत हरकत घेतं. लहानपणी मी त्या सगळ्या वाचल्या होत्या. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर पुन्हा वाचल्या आणि सापडलेल्या चुका मामांना पाठवल्या. साप कान टवकारतो. वटवाघूळ अंडी उबवतं. एका बेडकाची अक्कलदाढ दुखते आणि त्याला वर्ध्याला न्यावं लागतं. मामांचं उत्तर एका ओळीचं आलं : 'गाय थांबली होती.'

हे उत्तर कळायला मामांची पद्धत माहीत पाहिजे. गोष्ट लिहून झाली की ते दुपारी तीन वाजता गोठ्यात जातात. त्या वेळी गाय बसून रवंथ करत असते. मामा समोर बसून तिला गोष्ट वाचून दाखवतात. ऐकता ऐकता गायीचं रवंथ थांबलं तर गोष्ट नागपूरला प्रकाशकाकडे जाते. नाही थांबलं तर चुलीत. आधी कपिला होती, मग तिची गोमती, आता गोमतीची चांदी. तिघी गवळाऊ जातीच्या, पांढऱ्या, सडपातळ आणि मामांच्या मते साहित्याच्या जाणकार. कादंबऱ्यासुद्धा प्रकरणवार अशाच पास झाल्या. एका कादंबरीचं अठरावं प्रकरण गोमतीला आवडलं नाही म्हणून मामांनी ते जाळलं. त्यामुळे नायक सतराव्या प्रकरणात तुरुंगात असतो आणि एकोणिसाव्यात सरपंच. एका समीक्षकानं त्या सूचक मौनाची दोन परिच्छेद तारीफ केली होती.

"दिवाळीपासून अकरा गोष्टी झाल्या," मामा म्हणाले. "एकीवरही नाई थांबली. ढोरांच्या डॉक्टरले बलावलं. तो म्हणते, गाय ठणठणीत हाय. म्हणजे बिघाड माह्यातच हाय. पण तू शिकलेली हायस. तू एकडाव पाय."

"मी काय पाहू मामा?"

"गायीत बिघाड हाय का लेखकात, ते पाय. शनिवारी बारावी गोष्ट वाचतो. तिच्यावरही नाई थांबली तर प्रकाशकाले फोन करून सांगतो का येळण्यांचं लिहिणं संपलं." मामांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "हरकत नाई. मग मी घराकडं लक्ष देईन."

आत स्वयंपाकघरात काहीतरी धातूचं जोरात खाली पडलं.

मी आत गेले. सुमित्रामामी ओट्याला टेकून उभ्या होत्या. पायाशी झारा पडला होता. तो त्यांनी उचलला नाही.

"ऐकलं तू?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घराकडं लक्ष देतो म्हणते हा माणूस."

"मग चांगलंच आहे ना मामी."

मामींनी मसाल्याचा गोल डबा उघडून माझ्यापुढे धरला. आत जिरं, तिखट, धने, मोहरी आणि हळद होती.

"काय दिसते?"

"मसाले."

"वर्णमालेनं लावले हायेत. ज, त, ध, म, ह. मागच्या महिन्यात दहा दिवस काही सुचत नव्हतं तर हे केलं. मी म्हणलं, अवो, डबा गोल हाय. गोल डब्यात पह्यलं कोण अन् शेवटचं कोण? तर म्हणते, तू जिऱ्यापासून सुरू कर. चाळीस वर्षं माहा हात डोळे मिटून हळदीवर जात होता. परवा वरणात धने पडले."

"एवढंच?"

"एवढंच?" मामींनी आवाज आणखी खाली आणला. "पोळ्या एका मापाच्या व्हाव्या म्हून आमच्या पोराचा, योगेंद्रचा, शाळेतला कंपास काढला. दोरीवरचे कपडे लांबीनं लावले. कोंबड्या उंचीनुसार खुराड्यात जाव्या म्हून तीन संध्याकाळी त्यायच्या मागं पळाले. एक कोंबडी अजून अंडं देत नाई. मयुरी, हा माणूस लिवत राह्यला पाहिजे. चांगलं लिवो का वाईट लिवो, पण गोठ्यात बसून लिवो."

म्हणजे काम दुहेरी होतं. मी चार दिवसांचे कपडे आणले होते.

पहिल्या दिवशी मी फक्त रवंथ मोजलं. गाय एक घास साधारण पन्नासेक वेळा चावते, गिळते, तीन-चार सेकंद गप्प बसते आणि मग पुढचा घास पोटातून वर येतो. म्हणजे ती तशी दर मिनिटाला थांबतेच. मी हे मामांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं की एकशे सात पुस्तकांचा उलगडा झाला.

"ते थांबणं नाई," मामा म्हणाले. "ते श्वास घेणं झालं. खरी थांबते तवा कान पुढं येतेत. मान वळते. डोळे असे होतेत." त्यांनी डोळे कसे होतात ते करून दाखवलं. चांदीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि चावत राहिली.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. नेहमीच्या विरामात कान हलत नव्हते. मग आम्ही ठरवलं की दहा सेकंदांच्या वर आणि कान पुढे, तरच ते थांबणं.

दुसऱ्या दिवशी मी मामांना त्यांची जुनी, छापलेली गोष्ट वाचायला लावली. लंगड्या सशाची. दोन वर्षांपूर्वी याच गोष्टीवर चांदी इतकी थांबली होती की मामांना वाटलं तिला फेफरं आलं. जुन्या गोष्टीवरही ती आता थांबली नाही, तर दोष नव्या गोष्टींचा नाही, असा माझा हिशोब. मामांनी सगळी गोष्ट वाचली, सशाचा आवाज काढून वाचली. चांदी चावत होती.

"बघा," मी म्हणाले. "म्हणजे तुमच्या लिहिण्यात बिघाड नाही."

"अगं, तिनं ते ऐकलं हाय ना आधी. सशाचा पाय बरा होते हे तिले माहीत हाय. दुसऱ्यांदा काऊन थांबंन?"

हा आक्षेप योग्य होता. म्हणून मी चांदीच्या जन्माच्या आधीची गोष्ट शोधली, जी फक्त गोमतीनं ऐकली होती. मोर आणि पोस्टमनची. तिच्यावरही चांदी थांबली नाही.

मामांनी चांदीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आईनं सांगितली असंन."

हा आक्षेप मी नुसता लिहून ठेवला.

तिसरा दिवस गुरुवार. आता उलट बाजूनं पाहायचं होतं. साहित्य नसलेलं काहीतरी त्याच आवाजात, त्याच खुर्चीवरून वाचायचं. मामांना ते पटत नव्हतं. गोठ्यात आजवर साहित्याशिवाय काही वाचलं गेलं नाही, म्हणाले. शेवटी त्यांनी हातातल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलेली एक लग्नपत्रिका काढली आणि अपमान झाल्यासारखा चेहरा करून वाचायला लागले. चांदी बसली होती. मी तिच्यासमोर फोन लावून चित्रण सुरू केलं.

"आमचे येथे श्रीकृपेकरून," मामा म्हणाले, "आमचा नातू चि. प्रफुल, राहणार आंजी मोठी..."

चांदीचं रवंथ थांबलं.

कान पुढे आले. मान डावीकडे वळली. डोळे मामांनी दाखवले होते तसेच झाले. मामा घाबरून वाचतच राहिले. मुहूर्त झाला, स्थळ झालं, निमंत्रक झाले, 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की या' असं सांगणाऱ्या चिमुकल्यांची नावं झाली. अडतीस सेकंद चांदी तशीच होती.

मामांनी पत्रिका मांडीवर ठेवली. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

"पत्रिकेवर थांबली," ते म्हणाले. "माह्या अकरा गोष्टी चावून खाल्ल्या, अन् पत्रिकेवर थांबली."

"मामा, एका निरीक्षणावरून..."

"थांब." त्यांनी पत्रिका उचलून पुन्हा पहिल्यापासून मनात वाचली. मग उलटून लेखकाचं नाव शोधलं. मागं फक्त वर्ध्याच्या छापखान्याचा नंबर होता. "भाषा साधी हाय," ते शेवटी म्हणाले. "पात्रं लय हायेत, पण गोंधळ होत नाई. लेकरायले बोलतं केलं हाय. अन् शेवटी जेवण हाय." त्यांनी मान हलवली. "माह्या शेवटी जेवण कमी असते."

एवढ्यात गोठ्याच्या दारात मामी आल्या. हातात सूप होतं, सुपात तुरीची दाळ होती आणि कपाळावर आठ्या.

"कोनाचा प्रफुल?"

"काय?" मामा म्हणाले.

"आता वाचलं ते. आंजीचा प्रफुल. आमच्या देवकाबाईचा नातू?"

"साहित्याचा प्रयोग चालू हाय, तू मधात..."

"पत्रिका कई आलती?"

मामांनी पत्रिकेकडे पाहिलं. "झाला असंन महिना."

"लग्न कई हाय?"

मामांनी पुन्हा पाहिलं. या वेळी जास्त वेळ पाहिलं. "गेल्या रविवारी."

मामींनी सूप खाली ठेवलं. पुढची दहा मिनिटं मी लिहीत नाही. देवकाबाई ही त्यांची चुलत बहीण, योगेंद्रच्या लग्नात तिनं तीन दिवस राहून लाडू वळले होते, आणि तिच्या नातवाची पत्रिका मामांनी एका कोल्ह्याच्या गोष्टीत खूण म्हणून घातली होती, एवढं सांगितलं तरी पुरेल. शेवटी असं ठरलं की मामांनी उद्या सकाळच्या बसनं आंजीला जायचं, आहेर घेऊन जायचं, आणि चूक कोणाची हे सगळ्यांसमोर सांगायचं. मामी जाणार नव्हत्या. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती.

मला मात्र दुसरंच काही दिसत होतं. मी चित्रण तीनदा पाहिलं. थांबल्यावर चांदीनं मामांकडे पाहिलंच नव्हतं. तिची मान डावीकडे होती. डावीकडे भिंत आहे, भिंतीत खिडकी आहे आणि खिडकीपलीकडे पडवी. आणि चित्रणाचा आवाज वाढवला की मामांच्या आवाजामागे, अगदी बारीक, सप-सप-सप असा आवाज येत होता. 'आंजी मोठी' नंतर तो बंद झाला होता.

"मामी, तुम्ही तेव्हा पडवीत होतात?"

"मंग कुठं? दाळ पाखडत होती."

"रोज दुपारी पाखडता?"

"आधी पाखडत होती. दिवाळीत योगेंद्रनं फोन दिला ना मोठा. आता दुपारी सिरियल पाह्यतो मी, कानात वायर घालून. पाखडणं सकाळी उरकतो. आज रिचार्ज संपला म्हून बसली."

"पाखडून झाल्यावर निघालेला कोंडा-चुनी कुठे टाकता?"

"कुठं म्हणजे? चांदीपुढं. सूप थांबलं का तिले कळते, आता मामी येते." त्या थांबल्या. "काऊन?"

शुक्रवारी सकाळी मामा स्टीलची चहाची किटली बांधून घेऊन आंजीला गेले. ते दिसेनासे होताच मामी पडवीत बसल्या आणि मी खिडकीत. मी हात वर केला की मामींनी सूप थांबवायचं. सहा वेळा थांबवलं, सहाही वेळा चांदीचं रवंथ थांबलं. कान पुढे, मान खिडकीकडे. दर वेळी मामींना उठून मूठभर चुनी द्यावी लागली, कारण नाही दिली तर फसवणूक होते, असं त्यांचं मत होतं. मग मी खुर्चीवर बसून लंगड्या सशाची गोष्ट मोठ्यानं वाचली आणि मामींनी सूप चालू ठेवलं. चांदी चावत राहिली.

मी मामींना निष्कर्ष सांगितला. इतकी वर्षं गाय गोष्टीवर थांबत नव्हती. गोष्ट चांगली असली की खिडकीपलीकडे तुमचा हात थांबत होता, सूप थांबलं की गाय थांबत होती.

 मामींचे खांदे हलायला लागले. मग त्या भिंतीला टेकल्या आणि मग खाली बसल्या. हसू आवरायला त्यांना पदर तोंडात धरावा लागला.

"अवं माय," त्या म्हणाल्या. "कपिलाचा सत्कार केलता यायनं. शाल पांघरलती. फोटो हाय तिचा."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मले काय माहीत? चांगली गोष्ट असली का माहा हात आपोआप थांबते."

"आणि वाईट असली तर?"

"वाईट असली तर दाळ लवकर साफ होते."

मी म्हणाले की मामा आले की हे त्यांना सांगू. त्यांच्यात बिघाड नाही, गायीत नाही, फक्त सूप जागेवर नव्हतं. मामींचं हसू एकदम थांबलं.

"खबरदार सांगशील तर."

"का?"

"गायीले ते विचारत नाईत का दुसरा परिच्छेद कसा वाटला. मले विचारतीन. मी पोळी लाटत असंन तवा विचारतीन. रात्री उठवून विचारतीन का बाई, कोल्हा बराबर वाटते का लांडगा करू? गाय बरी हाय त्यायले. गाय बोलत नाई."

हे मला पटलं. मामांना न सांगता नेहमीची परिस्थिती पुन्हा आणता येत होती. शनिवारी मामी सिरियल सोडून पडवीत पाखडायला बसतील, मामा वाचतील आणि काय ते कळेल.

"काय कळायचं त्यात?" मामी म्हणाल्या. "मी थांबणार. पह्यल्याच पानावर थांबणार."

"मामी, तसं नाही चालणार. हात आपोआप थांबला तरच थांबा. मुद्दाम थांबलात तर निकाल खोटा होईल."

"खोटा होईल?"

"हो."

"तुह्या निकालापायी मी माह्या मसाल्याचा डबा डावावर लावू काय? तू रविवारच्या बसनं वर्ध्याले जाशील. मंग कंपास घेऊन माह्या मागं कोण फिरंन, तू का हे?"

"पण गोष्ट खरंच वाईट असली तर?"

"तर छापून येईन. लेकरं वाचतीन. वाईट गोष्टीनं कोणतं लेकरू मेलं?"

मी पुष्कळ समजावलं. मामी ठाम होत्या. शेवटी त्यांनी एवढंच मान्य केलं की त्यांचा फोन पडवीच्या खांबाला बांधून मी सुपाचा आवाज नोंदवू शकते. माझा फोन गायीसमोर असेल. निकाल खोटा असला तरी किती खोटा, ते मला कळेल.

मामा संध्याकाळी आंजीहून आले ते वेगळेच होऊन आले. त्यांना तिथं माफी मिळाली होती, लाडू मिळाले होते आणि पत्रिकेच्या लेखकाचा शोधही लागला होता.

"देवकाबाईच्या पोराले विचारलं, कोणी लिवली? तो म्हणते, मागच्या वर्षीच्या एका पत्रिकेवरून उतरवली. ती कोणी लिवली? ती तिच्या आधीच्या पत्रिकेवरून." मामांनी बोट वर केलं. "म्हणजे परंपरा हाय. एकट्या माणसाचं काम नाई ते. मी काऊन हरलो ते समजलं."

"मग उद्या वाचणार ना?"

"वाचतो. बारावी हाय. आज बसमधे सुचली. पण मयुरी, आता माहा भरोसा नाई."

शनिवारी सकाळभर त्यांनी ती लिहिली. मामींनी त्यांना चहा दोनदा दिला आणि दोन्ही वेळा दारातूनच परत फिरल्या. दुपारी तीनला चांदी बसून रवंथ करत होती. मामा सात कागद घेऊन खुर्चीवर बसले. इस्त्री केलेलं धोतर होतं. प्रकाशकाचा नंबर त्यांनी आधीच फोनवर काढून ठेवला होता, म्हणजे नंतर शोधायला नको. खिडकीपलीकडे सूप सुरू झालं. सप-सप-सप.

"नीटनेटकं अस्वल," मामांनी वाचलं.

गोष्ट अशी होती. बोरच्या जंगलातल्या एका अस्वलाला मध बाधायला लागतो. मध खायचं नाही म्हटल्यावर त्याला दिवसभर काम उरत नाही. म्हणून ते जंगलात सुधारणा करायला लागतं. माकडांना फांदीवर नावांच्या क्रमानं बसवतं. खारीचे दाणे लहान-मोठे वेगळे करतं. जंगलात साळिंदराचं एक जोडपं राहतं, साळू आणि साळीण. अस्वल साळूचे सगळे काटे एका दिशेनं विंचरून देतं, त्यामुळे साळूला कोणत्याही कुशीवर झोपता येत नाही. साळीण बिचारी काही बोलत नाही. ती रोज पहाटे उठून नवऱ्याचे काटे पुन्हा विस्कटते आणि अस्वल उठायच्या आत परत आपल्या जागी येऊन पडते.

मामा हे अत्यंत गंभीरपणे वाचत होते. अस्वल कोणावरून सुचलं असं मी सकाळी विचारलं होतं. ते म्हणाले होते, किराणावाल्या भैय्याजीवरून. त्याच्या दुकानात जाऊन पाय, सगळे डबे ओळीत.

पहिलं पान संपलं. सूप थांबलं नाही.

मला वाटलं, मामी दुसऱ्या पानाची वाट पाहत असतील, लगेच थांबलं तर संशय यायचा. दुसरं पान संपलं. सप-सप-सप. चांदी चावत होती. मामा प्रत्येक परिच्छेदानंतर चष्म्यावरून तिच्याकडे पाहत होते आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा खाली येत होता. तिसऱ्या पानावर माकडांची ग्रामसभा झाली. अस्वलाला काहीतरी कामाला लावा, नाही तर जंगल सोडा, असा ठराव आला. मामांच्या कपाळावर घाम होता. जानेवारी महिना होता.

मी खिडकीकडे पाहिलं. उठून मामींना खूण करणं अवघड नव्हतं. चार पावलांचं काम. मी उठले नाही. एक तर ते चुकीचं होतं, आणि दुसरं म्हणजे मला साळिणीचं पुढे काय होतं ते ऐकायचं होतं.

चौथं पान. सप-सप-सप. मला वाटलं आवाज थोडा हलका झाला आहे, पण तो चालू होता.

पाचव्या पानावर अस्वल पहाटे लवकर उठतं आणि साळिणीला काटे विस्कटताना पाहतं. ते रागावत नाही. ते झाडामागे उभं राहतं. साळीण एकेक काटा उलटा करते आणि प्रत्येक काट्याला हळू आवाजात सांगते की तू तुझ्या मनानं राहा. मग अस्वल परत गुहेत येतं, आपल्या अंगावरचे नीट बसवलेले केस पाहतं, आणि बऱ्याच वेळानंतर एक पंजा उचलून स्वतःच्या डोक्यावरचे केस विस्कटून पाहतं. कसं वाटतं ते.

 इथं मामांनी वर पाहिलं. मीही पाहिलं.

चांदीचे कान पुढे आले होते. जबडा बंद होता. मान मामांकडे होती. मामांनी वाचायचं थांबवलं नाही, त्यांच्या पद्धतीत तसं करता येत नाही. सहावं पान त्यांनी उभं राहून वाचलं. सातव्यावर सगळ्या प्राण्यांना जेवण होतं. ते समासात, नंतर घातलेलं दिसत होतं.

"थांबली," मामा कुजबुजले. "मयुरी, थांबली ना?"

"थांबली मामा."

ते फोन घेऊन अंगणात धावले. काही क्षणांत त्यांचा आवाज आला, "हो, हो, येळणेच बोलून राह्यलो! बारावी झाली! अन् तेरावीही सुचली हाय!"

मी पडवीत गेले. मामी पाय पसरून बसल्या होत्या. तोंड किंचित उघडं होतं, डोळे ओले होते आणि हातातलं सूप अजून खालीवर होत होतं. सप-सप-सप. दाळ त्यांच्या लुगड्यावर होती, पायांवर होती, भिंतीपर्यंत पसरली होती.

"मामी," मी म्हणाले. "पहिल्या पानावर थांबायचं होतं ना?"

मामींनी सुपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अगं, साळिणीचं काय होते ते ऐकत होती मी," त्या म्हणाल्या. "थांबायचंच राह्यलं."

मी खांबाचा फोन सोडला आणि दोन्ही नोंदी एकमेकींशी लावून पाहिल्या. गोष्टीला अठरा मिनिटं लागली होती. त्या अठरा मिनिटांत सुपाचा आवाज एकदाही खंडला नव्हता. सुपात एकही दाणा उरलेला नव्हता. चांदीचं रवंथ पाचव्या पानावर थांबलं होतं, एक मिनिट बावन्न सेकंद.